उन्हाच्या गावी उन्हाची उणीव

हैदराबादेस ऊन कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. मार्च सरता सरता डांबरी रस्ते तापू लागतात, मे महिन्यात भर दुपारी आबिड्सच्या चौकातून पायी जाणे नकोसे होते, आणि पावसाळ्याचे काही आठवडे वगळले तर येथे वर्षभर ऊन मुबलक असते. शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम साडेसतरा अंशांवर आहे. तरीही या शहरात रक्त तपासून घेणाऱ्यांच्या कागदावर एक ओळ वरचेवर आढळते : ड जीवनसत्त्व कमी. पुष्कळदा त्याच कागदावर साखर किंचित चढलेली असते, रक्तातील चरबी वाढलेली असते आणि तळाशी डॉक्टरांची सूचना असते, वजन उतरवा.

या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हा वैद्यकाचा प्रश्न आहे. पण तो कागद घरी आला आणि घरातून बातमी मंडळीत पोचली, की दुसराच प्रश्न उभा राहतो, आणि तो वैद्यकाचा नव्हे, नीतीचा आहे. या उणिवेचा दोष कोणाचा?

उपासना आटोपून लोक मंदिराच्या दाराशी उभे राहिले म्हणजे हा प्रश्न कसा सोडविला जातो हे आपण सर्वांनी ऐकले आहे. एखादी बहीण अंगाने स्थूल असते. तिचे गुडघे दुखतात, जिना चढताना तिला धाप लागते. तिला सल्ला देण्यास सगळे तयार. एक म्हणतात, जिभेवर ताबा हवा. दुसरे म्हणतात, सकाळी लवकर उठावे, आळस सोडावा. तिसरे कोणी सांगतात, अहो, हे सगळे ड जीवनसत्त्वाचे खूळ आहे, आठवड्याला एक पुडी दुधातून घ्या, वजन आपोआप उतरेल. ती बहीण हसून मान डोलावते, आणि पुढच्या संगतीच्या भोजनाला येत नाही. शब्बाथशाळेत तर मुले आडपडदा ठेवीत नाहीत. वर्गातील जाड मुलीला ती एक नाव ठेवतात, आणि ते नाव तिला वर्षानुवर्षे चिकटते. आम्हांस वाटते, मंडळीने विचार करावा असा हा विषय आहे, कारण तिन्ही सल्ल्यांत थोडे सत्य आहे आणि तिन्हींत अन्यायही आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ड जीवनसत्त्व हे इतर जीवनसत्त्वांसारखे मुख्यतः ताटातून येत नाही. माशांचे तेल, बांगडा-तारलीसारखे चरबीचे मासे, अंड्याचा पिवळा बलक यांत ते असते, पण आपल्या रोजच्या डाळ-भाकरी-भातात जवळजवळ नसते. ते बनते आपल्या कातडीत. उन्हातील अतिनील किरणांपैकी एक विशिष्ट प्रकारचे किरण उघड्या त्वचेवर पडले म्हणजे तेथील एका मेदद्रव्यापासून ते तयार होते. मग यकृतात व पुढे मूत्रपिंडात त्यावर संस्कार होतो, आणि तेव्हा कोठे ते कामाला लागते. अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. ते नसेल तर मुलांची हाडे वाकतात, म्हणजे मुडदूस होतो, आणि मोठ्यांची हाडे मऊ पडतात.

ऊन आणि मुडदूस यांचा संबंध जगापुढे मांडणाऱ्यांत एका मिशनरी डॉक्टरांचे नाव घ्यावे लागेल, आणि आमच्या वाचकांना ते ठाऊक असावे असे वाटते. थिओबाल्ड पाम यांनी जपानमध्ये निईगाता येथे वैद्यकीय मिशनकार्य केले. इंग्लंडात परतल्यावर तेथील औद्योगिक गावांतील वाकड्या पायांची मुले पाहून त्यांना आश्चर्य वाटले, कारण जपानमध्ये असे दृश्य त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी ठिकठिकाणच्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागविली. हिंदुस्थान, चीन, जपान अशा देशांत गरिबी आहे, अस्वच्छता आहे, अन्न निकृष्ट आहे, तरी मुडदूस थोडा. धुराने आकाश झाकलेल्या शहरांत मात्र तो घरोघरी. १८९० साली त्यांनी आपला निष्कर्ष छापला : उणीव सूर्यप्रकाशाची आहे, मुलांना उन्हात न्या. त्यांच्याकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याच्या प्रकाशात मुडदुसाची मुले बरी करून दाखविली, आणि १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी या द्रव्याला ड हे अक्षर दिले.

त्याच १९२२ साली आपल्या महाराष्ट्रातील नाशिक भागाचा एक अभ्यास इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात आला. हचिसन आणि शहा या दोघांनी तेथील मुडदुसाची पाहणी केली होती. रोग कोठे सापडावा? उपाशी घरांत सापडेल असे कोणालाही वाटले असते. तो सापडला खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पडदा पाळणाऱ्या घरांत, अंधाऱ्या खोल्यांत वाढणाऱ्या लेकरांत आणि वयात आल्यावर घराबाहेर न पडणाऱ्या मुलींत. ज्यांचे अन्न हलके, पण ज्यांच्या आया पोटासाठी उघड्यावर राबत आणि लेकरू शेताच्या बांधावर निजवीत, ती घरे त्यापासून बहुतांशी सुटली होती. काश्मिरात स्त्रियांवर उपचार करणाऱ्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. हाडे मऊ पडून कटी आकसलेल्या स्त्रिया बाळंतपणात कशा दगावतात हे त्यांनी पाहिले होते.

आता विचारू या, त्या नाशिकच्या मुलींच्या वाकलेल्या हाडांचा दोष कोणाचा? त्या मुलींचा म्हणता येत नाही. त्यांच्या आयांचा म्हणावा, तर त्या स्वतः त्याच खोलीत वाढलेल्या. रूढीचा म्हणावा, तर रूढीला तोंड नाही आणि तिला शिक्षाही करता येत नाही. जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्यांनी गुरूंना विचारलेला प्रश्न शब्बाथशाळेतील लहान मूलही सांगेल : पाप याचे की याच्या आईबापांचे? त्या प्रश्नाला जे उत्तर मिळाले त्यात दोन्ही पर्याय बाजूला सारलेले आहेत, आणि लगेच चिखल कालवून काम सुरू झाले आहे. विचारणाऱ्यांना आरोपी हवा होता. आम्हांलाही बहुधा तोच हवा असतो.

आमच्या लोकांत पडदा नाही, असे कोणी म्हणेल. कापडाचा नाही हे खरे. पण हैदराबादेत गेल्या तीस-चाळीस वर्षांत पडद्याचे दुसरे प्रकार आले आहेत. माधापूर-गच्चीबावलीच्या काचेच्या इमारतींत आमची मुले-मुली नोकरी करतात. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण ड जीवनसत्त्व घडविणारे किरण काचेतून येत नाहीत. कित्येकांची पाळी अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्रीची, म्हणजे ऊन असताना झोप आणि जाग असताना विजेचा दिवा. अंगण जाऊन फ्लॅट आले, आणि फ्लॅटच्या गॅलरीत ऊन आले तर तेथे कपडे वाळतात. शिवाय एक जुना पडदा आमच्या मनात आहे, तो बोलून दाखविला पाहिजे. मुलगी काळी पडेल म्हणून तिला उन्हात खेळू न देणारी घरे आमच्यातही आहेत. गोरेपणाचा हा हव्यास लग्नाच्या जाहिरातीपासून बाळाच्या पावडरीपर्यंत पोचला आहे. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य किरण अडविते, म्हणून सावळ्या माणसाला तेवढेच जीवनसत्त्व मिळविण्यास अधिक वेळ ऊन लागते. आणि आम्ही नेमक्या सावळ्या मुलीलाच सावलीत बसवितो!

ही उणीव केवळ अडाण्यांची नाही हेही सांगितले पाहिजे. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी माणसांचे रक्त तपासले गेले. त्यात ज्यांचे ड जीवनसत्त्व फार खाली होते त्यांत रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका होत्या, आणि उघड्यावर कवाईत करणारे शिपाई त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत होते. औषध लिहून देणाराच औषधाचा गरजू, ही गोष्ट थोडी हसण्यासारखी आहे. तिरुपतीच्या आसपास झालेल्या अभ्यासातही शेतात राबणारे लोक शहरवासीयांपेक्षा ड जीवनसत्त्वात पुढे होते. पण त्यांच्या अन्नात कॅल्शियम तुटपुंजे होते, म्हणजे ऊन असून हाडांना द्यायला चुना नाही. गरिबाच्या वाट्याला ऊन येते आणि दूध येत नाही, श्रीमंताच्या वाट्याला दूध येते आणि ऊन येत नाही.

आता स्थूलतेकडे येऊ, कारण दाराशी उभे राहून दिलेल्या सल्ल्यांत घोळ होतो तो येथे. स्थूल माणसांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असते, हे अनेक देशांत पुनःपुन्हा दिसले आहे. तेवढ्यावरून लोकांनी अनुमान काढले की उणिवेमुळे माणूस जाड होतो, आणि उणीव भरली की बारीक होईल. कावळा बसला आणि फांदी मोडली, असा हा न्याय. दोन गोष्टी एकत्र आढळल्या तर कोणती आधी आणि कोणती मागून, हे वेगळे तपासावे लागते. २०१३ साली सुमारे ४२ हजार लोकांच्या माहितीवरून हे तपासले गेले. युक्ती अशी की माणसाला आईबापांकडून जी जनुके मिळतात ती जन्मतःच ठरतात, नंतर आहाराने वा सवयीने बदलत नाहीत. तेव्हा ज्यांना वजन वाढविणारी जनुके मिळाली त्यांचे ड जीवनसत्त्व कमी आहे का, आणि ज्यांना ड जीवनसत्त्व कमी ठेवणारी जनुके मिळाली त्यांचे वजन अधिक आहे का, अशी दोन्ही बाजूंनी पडताळणी करता येते. पहिल्याचे उत्तर होय असे आले. उंचीच्या मानाने वजन दहा टक्के अधिक, तर ड जीवनसत्त्व सुमारे चार टक्के कमी. दुसऱ्या दिशेने मात्र सांगण्यासारखा परिणाम दिसला नाही. म्हणजे गाडा बैलाच्या पुढे जोडला गेला होता.

असे का व्हावे? हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे आहे. कातडीत बनलेले असो की पुडीतून आलेले असो, ते शरीरातील मेदात पसरते. मेद जितका अधिक, तितके ते अधिक जागी विभागले जाते आणि रक्तात थोडे उरते. चिमूटभर मीठ वाटीभर आमटीत टाका आणि तेवढेच पातेलेभर आमटीत टाका, चव सारखी लागणार नाही. म्हणून स्थूल व्यक्तीस उणीव भरून काढण्यास इतरांहून अधिक मात्रा लागते. त्यात भर म्हणजे जाड माणूस उघड्यावर फिरण्यास, हातपाय उघडे टाकण्यास लाजतो, आणि ही लाज त्याला आम्हीच शिकविलेली असते. उणिवेच्या कारणांत आमच्या टोमण्यांचीही गणना करावी लागेल.

येथे कोणी म्हणेल, ठीक आहे, ड जीवनसत्त्वाचे राहू द्या, पण स्थूलता तरी ज्याची त्याने ओढवून घेतलेली आहे ना? अधाशीपणा हे पाप आहे असे ख्रिस्ती शिकवण पूर्वीपासून सांगत आली आहे. आम्ही ते नाकारीत नाही. परंतु अधाशीपणा ही मनाची कृती आहे आणि स्थूलता ही शरीराची अवस्था आहे. पहिलीवरून दुसरी कधी येते, कधी येत नाही, आणि दुसरीवरून पहिली सिद्ध होत नाही. चार माणसांचे जेवण एकटा जेवून काडीसारखा राहणारा माणूस प्रत्येक मंडळीत एखादा असतोच, आणि त्याला कोणी उपदेश करीत नाही. आम्ही पाप तोलतो ते काट्यावर, हे न्यायाला धरून नाही.

डोळ्यांनी पाहून माणसाचे शरीर ओळखणे किती फसवे आहे याचा एक दाखला पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे सहकारी. २००४ साली त्यांनी लॅन्सेट या नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण यंत्राने मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. स्वतःचे अंग जगापुढे असे मांडण्याचा त्यांचा मोकळेपणा आम्हांला आवडला. आपल्या लोकांची ठेवण ही अशी आहे : हाडापेराने बारीक, स्नायू थोडे, आणि पोटाच्या आत चरबी. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला, त्यात दिसले की आपली बाळे जन्मतःच वजनाला कमी, पण चरबी राखून असतात. आईच्या पोटात अन्न तोकडे पडले तर बाळाचे शरीर काटकसर शिकते, आणि पुढे सुबत्ता आली की तीच काटकसर अंगावर येते. मधुमेह व रक्तदाब अशा शरीरात लवकर शिरतात.

देशभरच्या लाखाहून अधिक लोकांची जी मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली तीही हेच सांगते. एकूण वजनाच्या मापाने स्थूल ठरणारे शेकडा २८.६, पण पोटाच्या घेराने स्थूल ठरणारे ३९.५. मधुमेह शेकडा ११.४ जणांना, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी १५.३. म्हणजे काट्यावर जे निर्दोष सुटतात त्यांच्यातील कितीतरी जण टेपने मोजल्यावर पकडले जातात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर ही आपल्या लोकांसाठी सांगितलेली मर्यादा आहे. दाराशी उभे राहून सल्ला देणाऱ्या बंधूंनी एकदा शिंप्याची टेप हातात घ्यावी.

हैदराबादेचाच एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. तारनाक्याजवळ, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी एका खोलीत तिची सुरुवात केली, १९५८ साली ती हैदराबादेस आली. पटवर्धन, तुळपुळे अशी मराठी नावे तिच्या संचालकांत आहेत. या संस्थेने १९८७ ते १९९० च्या काळात शहराजवळच्या २९ गावांत एक काम केले. सरकारची बालविकास योजना तेव्हा काही गावांत सुरू झाली होती आणि काहींत व्हायची होती. जेथे ती होती तेथे गरोदर स्त्रियांना व सहा वर्षांखालील मुलांना रोज मका-सोयाच्या पिठाचा उपमा मिळे. पंधरा वर्षांनंतर ती मुले तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर त्यांना शोधून पुन्हा तपासले, अकराशेहून अधिक मुले-मुली. उपम्याच्या गावची मुले सुमारे दीड सेंटिमीटर उंच होती. अंगावरची चरबी दोन्हीकडे सारखीच होती. परंतु इन्शुलिनला शरीर जो विरोध करते, आणि ज्यातून पुढे मधुमेह येतो, तो विरोध उपम्याच्या गावात सुमारे वीस टक्क्यांनी कमी होता, आणि रक्तवाहिन्याही थोड्या मऊ होत्या. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, म्हणून निष्कर्ष जपूनच घ्यावा. तरीही विचार करा. एक मुलगा पुढे मधुमेही होतो, दुसरा वाचतो, आणि त्यामागचे एक कारण तो जन्मण्याआधी त्याच्या आईला अंगणवाडीतून मिळालेली उपम्याची ताटली हे असू शकते. त्या मुलाला त्याच्या आळसाबद्दल बोल लावणारा मनुष्य किती उशिरा पोचला!

मग माणसाच्या हाती काहीच नाही काय? सगळे आईच्या पोटात, जनुकांत आणि रूढीत ठरले असेल तर उपदेशही नको आणि प्रयत्नही नको, असे म्हणण्याचा मोह होतो. हे मत दयाळू दिसते, पण आम्हांस ते मान्य नाही, कारण त्यात माणसाला दगडाच्या पंक्तीला बसविले आहे. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एकाच नावाने ओळखतो, तेथे घोटाळा होतो. दोष मागे वळून पाहतो आणि एकच माणूस शोधतो. जबाबदारी पुढे पाहते आणि तिच्यात अनेकांचा वाटा असू शकतो. शेजाऱ्याच्या घराला आग लागली, ती मी लावली नाही, तरी माझ्या विहिरीचा पोहरा मी धरून बसू शकत नाही. त्या बहिणीच्या शरीराला तिचा दोष नसेल, पण ते शरीर तिच्याच हाती दिलेले आहे आणि त्याची निगा दुसरा कोणी घेणार नाही. तिला मोकळे सोडणे आणि तिला एकटे सोडणे यांत फार अंतर आहे.

आता पुडीविषयी. ज्यांच्यात खरोखर उणीव आहे त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याने औषध घेतलेच पाहिजे. हाडांचे दुखणे खरे असते आणि पुडीने ते बरेही होते. पण पुडीने वजन उतरते हे असत्य आहे, आणि ते सद्हेतूने सांगितले तरी असत्यच राहते. मधुमेह टळतो का, हे अमेरिकेत २,४२३ उंबरठ्यावरच्या लोकांना रोज ४,००० एकक देऊन पाहिले. २०१९ साली निकाल आला : अडीच वर्षांत पुडीच्या गटात २९३ जणांना मधुमेह झाला, नुसती गोळी घेणाऱ्यांत ३२३ जणांना. फरक इतका थोडा की तो योगायोगाचाही असू शकेल. पुढे २०२३ साली तीन देशांचे असे प्रयोग एकत्र जोडले तेव्हा धोका सुमारे पंधरा टक्क्यांनी घटतो असे दिसले. म्हणजे उपयोग असला तर थोडका, तोही जे उंबरठ्यावर आहेत त्यांना. उलट चेन्नईच्या प्रयोगात, ज्याचा निकाल २००६ साली आला, चालणे आणि जेवणात बदल एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी उतरला. त्या प्रयोगातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्या लोकांचे वजन म्हणावे असे उतरलेच नाही, तरी लाभ झाला. जी बहीण महिनाभर चालून काटा हलत नाही म्हणून रडकुंडीला येते, तिला हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

पुडीच्या बाबतीत एक सावधगिरी. ६०,००० एककांची आठवड्याची पुडी रोज घेतल्याने रक्तात कॅल्शियम चढून उलट्या, भ्रम आणि मूत्रपिंडाचे दुखणे घेऊन माणसे रुग्णालयात येतात. कागदावर ‘आठवड्यातून एकदा’ असे लिहिलेले असते, पण ज्यांना ते वाचता येत नाही त्या आजीबाईंना ते वाचून दाखविणारे कोणी नसते. वाचून दाखविणे हे तरी मंडळीतील तरुणांना जमावे.

आमच्या हाती काय आहे, हे शोधायला दूर जावे लागत नाही. आमच्या सभांच्या वेळा पाहा. स्त्रियांची प्रार्थनासभा दिवे लागल्यावर, तरुणसंघ त्याहून उशिरा, आणि दोन्हीकडे खुर्चीवर बसणे आणि मग चहा, बिस्किटे, समोसे. शब्बाथशाळा रविवारी सकाळी, बंद खोलीत, पंख्याखाली. मंदिराचे आवार मोकळे असते तेथे आता मोटारी उभ्या असतात. वाढदिवस असो की नामकरण, केक आणि बिर्याणी यांशिवाय आनंद झाला असे आम्हांस वाटत नाही. मग त्याच लोकांना संयमाचा उपदेश! ताटात आग्रहाने दुसऱ्यांदा वाढणारा हात आणि नंतर बोट दाखविणारा हात एकाच माणसाचे असतात.

सकाळी सहाचे कोवळे ऊन अंगावर घेतले की झाले, अशी एक समजूत आहे, तीही दुरुस्त केली पाहिजे. सूर्य खाली असताना ते विशिष्ट किरण वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडू लागली म्हणजे ते खाली पोचू लागतात. सुमारे दहा-अकरापासून तीनपर्यंतची ही वेळ. हातपाय उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस वीस-तीस मिनिटे, सावळ्यांना थोडी अधिक, एवढे पुष्कळ. उघडे कपडे घालण्यास ज्यांना संकोच वाटतो त्या स्त्रियांसाठी गच्ची किंवा मागचे आवार तासभर राखून ठेवता येईल, आणि ते ठरविण्यास पंचकमिटीचा ठराव लागू नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे आम्ही एवढेच ठेवतो. जूनअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत हैदराबादेत अकराचे ऊन मुलांना सोसते. उपासना लवकर असेल तर धडा झाल्यावर अर्धा तास आवारात खेळ ठेवावा, मोटारी बाहेर लावण्याची विनंती पाळकसाहेबांकडून जाहीर करवावी, आणि जाड मुलीला गोलंदाजी द्यावी, धावा मोजण्याचे काम नव्हे. तिचे जे टोपणनाव पडले आहे ते शिक्षकाने स्वतः कधी तोंडी आणू नये. मार्चपासून मे अखेरपर्यंत मात्र हा वेळ आठ-साडेआठवर आणावा लागेल. त्या वेळी ड जीवनसत्त्व थोडेच मिळेल, पण मुले धावतील.